मधात थांबणारी काठी : स्वस्तातल्या जॉयस्टिक-थ्रॉटलच्या नोंदी

१७ मार्च २०२४

नागपूरहून जोडी आणली. जॉयस्टिक म्हणजे यान वळवायची काठी आणि थ्रॉटल म्हणजे वेग कमी-जास्त करायचा दांडा, दोन्ही वापरलेली, ३,२०० रुपये. थ्रॉटलची वायर जॉयस्टिकमध्ये जाते आणि तिथून एकच यूएसबी लॅपटॉपला. आमचं गाव हिंगणघाटच्या अलीकडे, तिथून नागपूर पाऊणशे किलोमीटर. एसटीनं जाण्यायेण्यात रविवार संपला.

तीन वर्षं मी अवकाशातले गेम कीबोर्डवर खेळलो. कीबोर्डचं बटण एकतर पूर्ण दाबलेलं असतं नाहीतर पूर्ण सुटलेलं. यान चार अंश वळवायचं तर टक्-टक् करत वळवावं लागतं. एलिट डेंजरस नावाच्या गेममध्ये अवकाशातल्या स्टेशनवर उतरायला एका आडव्या फटीतून यान आत घालताना हात दुखून यायचा. नवीन चांगल्या जोड्यांच्या किमती सोयाबीनच्या दोन-चार पोत्यांच्या घरात जातात, म्हणून जुनी घेतली. माझं पंपाच्या जळालेल्या मोटारी भरायचं, म्हणजे त्यांत नवी तार गुंडाळायचं, दुकान आहे, उघडून दुरुस्त करू असा हिशेब होता. कोणी गावाकडे बसून हेच करणार असेल तर त्याचा वेळ वाचावा म्हणून लिहून ठेवतो आहे.

रात्री लावून पाहिली. विंडोजमध्ये 'रन'च्या चौकटीत जॉय.सीपीएल टाइप केलं की तपासायची खिडकी उघडते, चौकोनात एक अधिकचं चिन्ह दिसतं. काठी सोडली तरी ते चिन्ह थरथरत होतं आणि दर खेपेला वेगळ्या जागी थांबत होतं. भाचा बाजूला बसला होता. म्हणाला, "मामा, हे मधात थांबतच नाही." मधात म्हणजे मध्यावर.

पुढचे अडीच महिने मी त्याच्या या एका वाक्यावर काम केलं.

१९ मार्च

पहिली चूक. थरथर दिसू नये म्हणून गेममध्ये डेडझोन वाढवला, म्हणजे मधल्या भागातली हालचाल गेमनं मोजायचीच नाही. ५ टक्क्यांनी भागलं नाही, १० नं नाही, १५ वर यान शांत झालं. खूश होऊन स्टेशनकडे निघालो. साडेसात किलोमीटरच्या आत गेल्यावर उतरायची परवानगी मागता येते, ती मिळाली. फटीसमोर आलो तेव्हा ध्यानात आलं की हलकी दुरुस्ती होतच नाही. काठी थोडी हलवली तर काही नाही, अजून थोडी हलवली तर यान एकदम उडी घेतं. फटीच्या कडेला घासून आत गेलो.

अवकाशातल्या गेममध्ये काठी शेवटपर्यंत ओढायची वेळ लढाईत येते. बाकी सगळं उडणं मधल्या दहा टक्क्यांत असतं, आणि तोच भाग मी डेडझोन लावून बंद करून टाकला होता. डेडझोन पुन्हा शून्यावर आणला. थरथर यंत्रातच काढायची असं ठरवलं.

२४ मार्च

काठी उघडली. तळाचे सहा स्क्रू, त्यातला एक रबराच्या पायाखाली लपलेला. तो न दिसल्यामुळे जोर लावला आणि कडेचा प्लास्टिकचा कान तुटला. आधी चारही पाय काढून पाहा.

आत दांड्याला दोन आडव्या-उभ्या चौकटी, प्रत्येकीच्या आसाला एक पॉट. आमच्याकडे दुकानात त्याला व्हॉल्यूमच म्हणतात. जुन्या रेडिओत आवाज कमी-जास्त करायला असायचा तोच हा भाग. आडव्या पॉटच्या दांडीला कापसाचा तंतू गुंडाळलेला दिसला. नखानं टोक धरून ओढला तर बोटभर लांब निघाला, मध्ये राखाडी धुळीची गाठ. हा विकणाऱ्याकडचा नव्हता, आमच्याच घरचा होता. भाव येईल म्हणून डिसेंबरपासून कापूस आतल्या खोलीत भरून ठेवला आहे आणि त्याच खोलीत माझा लॅपटॉप आहे. कूलरचा पंखा रुई उडवतो. आठवडाभरात एवढा तंतू आत गेला.

तिथंच बसून डाग द्यायला सोल्डरिंग गरम करत होतो, तर आई दारातून ओरडली, "अरे, कापूस हाय त्या खोलीत! थे तापलेलं भायेर ने आंधी." बरोबर होतं तिचं. एक ठिणगी पुरे. तेव्हापासून सगळं सोल्डरिंग ओसरीवर.

३१ मार्च

कॉन्टॅक्ट क्लीनर, म्हणजे विजेचे स्पर्श साफ करायचा स्प्रे, मारला, डबा ३२० रुपये. गंजलेले नट सोडवायचा नेहमीचा स्प्रे पॉटमध्ये मारू नका, त्याचं तेल आत राहतं आणि धूळ धरतं. क्लीनरनं थरथर अर्ध्यावर आली, दोन दिवसांनी परत तेवढीच.

मग एक पॉट पूर्ण खोलला. आतली काळी कार्बनची पट्टी जवळजवळ तीनशे अंशांची असते, पण काठी झुकते दोन्हीकडे वीस-पंचवीस अंशच. म्हणजे सरकणारा स्पर्श आयुष्यभर त्याच इवल्याशा तुकड्यावर घासतो, आणि सगळ्यात जास्त अगदी मध्यावर, कारण काठी दर वेळी तिथंच परत येते. भिंगाखाली पाहिलं तर बाकी पट्टी चकचकीत होती आणि मध्ये तांदळाच्या दाण्याएवढी जागा फिकट, खरवडलेली. तिथं कार्बन उरलाच नव्हता. झिजलेली जागा कितीही धुतली तरी भरून येत नाही.

नवे पॉट टाकले तरी काही महिन्यांनी तेच होणार. म्हणून हॉल सेन्सर लावायचे ठरवले. त्यात काहीच घासत नाही, चुंबक फिरतं आणि सेन्सर त्याचं क्षेत्र मोजतो.

६ एप्रिल

नागपूरच्या बर्डीवरून ४९-ई नावाचे हॉल सेन्सर आणले, ३५ रुपयांचा एक, सहा घेतले. निओडिमियमची छोटी गोल चुंबकं दहा, १२० रुपये.

मांडणी अशी केली. जुन्या पॉटचं मागचं झाकण आणि कार्बनची पट्टी काढून टाकली, दांडी आणि तिचं पितळी बूड ठेवलं. दांडीच्या टोकाला पत्र्याचा इंग्रजी यू-सारखा तुकडा बसवला, त्याच्या दोन्ही हातांच्या आतून एकेक चुंबक, एकाचं उत्तर टोक दुसऱ्याच्या दक्षिणेसमोर. दोघांमध्ये बारा मिलिमीटर जागा. त्या जागेत सेन्सर स्थिर, तो खोक्याला चिकटलेला. चुंबकांची रेघ सेन्सरच्या अंगाला समांतर असली की त्याला क्षेत्र शून्य वाटतं आणि पाच व्होल्टच्या पुरवठ्यावर तो अडीच व्होल्ट देतो. दांडी फिरली की व्होल्ट वर-खाली. जुन्या पॉटच्या तिन्ही तारा सेन्सरला जोडल्या की मूळ सर्किटला बदल झाल्याचं कळतही नाही.

मी मात्र सवयीनं जोडलं. पॉटचा मधला पाय सिग्नलचा असतो. ४९-ई मध्ये छापील बाजू आपल्याकडे धरली तर डावा पाय पाच व्होल्टचा, मधला जमिनीचा (ग्राउंड) आणि उजवा सिग्नलचा. मी मधल्या पायाला सिग्नलची तार डाग दिली आणि उजव्याला जमिनीची. लॅपटॉपला लावताच सेन्सर बोटाला चटका बसेल इतका तापला आणि यूएसबी पोर्टच बंद पडला. लॅपटॉप बंद करून परत सुरू केल्यावर पोर्ट आला, सेन्सर मेला. हातात कथील घेण्याआधी मल्टिमीटर घ्यायला हवा होता. ३५ रुपये आणि एक संध्याकाळ.

१४ एप्रिल

दोन्ही आस सेन्सरवर चालू. आकडे नीट पाहायला पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून ईव्हीटेस्ट चालवतो, त्यात ० ते १०२३ पर्यंत कच्चा आकडा दिसतो. आधी मध्यावर आकडा ४९० ते ५४० मध्ये नाचत होता, आता ५११, ५१२, ५१३. भाच्यानं चार वेळा काठी झटकून सोडली, चारही वेळा ५१२.

पूर्ण झुकवल्यावर ० आणि १०२३ पर्यंत जात नाही, ३०० ते ७२५ इतकंच मिळतं. विंडोजचं कॅलिब्रेशन ते ताणून घेतं. बारकावा निम्म्याहून कमी उरतो, पण उडताना ते जाणवलं नाही.

२१ एप्रिल

परत बिघाड. सकाळी नीट, दुपारी यान आपोआप उजवीकडे कलतं. आमच्या त्या खोलीवर टिन आहे. भिंतीवरचं थर्मामीटर दुपारी ४३ दाखवत होतं.

पहिला संशय चुंबकावर. पण साधी निओडिमियम चुंबकं ऐंशी अंशांपर्यंत सोसतात, म्हणजे तिथवर काही जात नव्हतं. दुसरा संशय सेन्सरवर, तापला की आकडा हलत असेल. म्हणून दिवसभर मांडून पाहिलं.

सकाळी ७ : ५१२. दुपारी २ : ५२६. रात्री १० : ५२६. दुसऱ्या दिवशी दुपारी २ : ५३७.

उत्तर रात्रीच्या आकड्यात होतं. सेन्सर तापल्यामुळे झालं असतं तर रात्री गार झाल्यावर आकडा मागे आला असता. तो आला नाही, म्हणजे काहीतरी जागचं सरकत होतं. सेन्सर मी ग्लू गनच्या मेणकांडीनं चिकटवले होते. तो ग्लू वितळला नव्हता, पण टिनाखालच्या उन्हात मऊ पडत होता आणि तारांच्या ताणानं रोज केसभर सरकत होता. पुण्या-मुंबईच्या खोलीत हे कदाचित कधीच कळलं नसतं.

सगळा खरवडला. अराल्डाइट लावून एक रात्र सुकू दिलं, शिवाय तारांना आतून एक टाय मारला म्हणजे ओढ सेन्सरवर येणार नाही. ९० रुपये.

२८ एप्रिल

सकाळी ५१२, दुपारी ५१३, रात्री ५१२. आठवडाभर असंच.

३ मे

लॅपटॉप चार्जिंगला असला की थरथर परत येते, आकडा नऊ-दहानं नाचतो. चार्जर काढला की गप्प. इन्व्हर्टरवर तर अजून वाईट, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळ इन्व्हर्टरवरच जाते.

परत काठी उघडायला निघालो होतो, तेवढ्यात लॅपटॉपच्या कडेच्या धातूवर मनगट टेकलं आणि झिणझिण्या आल्या. तिथंच कळलं. भिंतीवरचा विजेचा बोर्ड उघडला. तीन पिनचं सॉकेट आहे, पण अर्थिंगची हिरवी तार मागे गुंडाळून ठेवलेली, कुठेच जोडलेली नाही. गिऱ्हाइकाच्या विहिरीवरच्या पंपाला अर्थिंग नसेल तर मी मोटार बसवून देत नाही, आणि माझ्याच घरात नव्हतं. दोन दिवस खर्चून अंगणात खड्डा घेतला, पट्टी, कोळसा, मीठ, वरून पाणी. ४५० रुपये. हे मी काठीच्या खर्चात धरत नाही, ते घरासाठीच हवं होतं.

आता चार्जरवर थरथर दोन आकड्यांची. इन्व्हर्टरवर तीन-चार, तेवढी चालते.

१२ मे

थ्रॉटल. याचं दुखणं वेगळं होतं. सरकवायला सुरुवात केली की अडकतं, जोर दिला की एकदम पाच-सहा टक्के पुढे जातं. एलिट डेंजरसमध्ये वेगाच्या पट्टीवर मधोमध एक निळा भाग असतो, त्या वेगाला यान सगळ्यात लवकर वळतं. सुपरक्रूझमध्ये, म्हणजे ग्रहताऱ्यांमधल्या लांबच्या वेगवान प्रवासात, मुक्कामाला सात सेकंद उरले की थ्रॉटल ७५ टक्क्यांवर ठेवायचा, मग यान पुढे निघून जात नाही. उड्या मारणाऱ्या थ्रॉटलवर यातलं एकही जमत नाही.

उघडल्यावर कारखान्याचं ग्रीस वाळून गोंद झालेलं दिसलं. दुकानात बेअरिंगचं पिवळं ग्रीस हाताशी होतं, तेच भरलं. ही माझी सगळ्यात महागात पडलेली चूक. खनिज तेलाचं ग्रीस काही जातींच्या प्लास्टिकला सोसत नाही. चार दिवसांत दांड्याच्या मुळाशी बारीक रेषा दिसायला लागल्या, आणि दुपारच्या उन्हात पातळ झालेलं ग्रीस थ्रॉटलच्या पॉटपर्यंत वाहत गेलं. सगळं सुटं करून भांडी घासायच्या साबणानं आणि जुन्या दात घासायच्या ब्रशनं धुतलं. रॉकेल वापरलं नाही, त्यानं रेषा वाढल्या असत्या. रेषांवर आतून अराल्डाइट. मग सिलिकॉन ग्रीस, १५० रुपये, तेही माचिसच्या काडीच्या टोकावर मावेल एवढंच. दोन्ही बाजूंना नमद्याची पट्टी चिकटवली, म्हणजे सरकताना सारखा हलका विरोध राहतो आणि हात सोडला तर दांडा तिथंच थांबतो.

थ्रॉटलच्या पॉटच्या जागीही तोच सेन्सर.

१५ मे

थ्रॉटललाही मध्य हवा. गेममध्ये दोन प्रकार निवडता येतात. एकात दांडा पूर्ण मागे म्हणजे शून्य आणि उलट जायला वेगळं बटण. दुसऱ्यात मधोमध शून्य, पुढे ढकलला की पुढे, मागे ओढला की मागे. मला दुसरा आवडतो, स्टेशनात शिरल्यावर यान आवरायला तो बरा पडतो. पण या थ्रॉटलला मध्ये खटका नाही. शून्य समजून हात काढावा तर यान हळूहळू मागे सरकत असतं.

सायकलच्या हबमधला एक छर्रा आणि पेनच्या रिफिलवरची स्प्रिंग घेतली. दांड्याच्या चापाकार कडेला तीन मिलिमीटरचं अर्धवट भोक, समोर खोक्यात स्प्रिंगवर बसलेला छर्रा. दांडा मध्यावर आला की टक् करून छर्रा भोकात बसतो. पहिलं भोक मोजमाप न करता पाडलं, खटका ४४ टक्क्यांवर आला. अराल्डाइटनं बुजवून, वाळल्यावर आकडा पाहत पाहत खूण केली आणि दुसरं पाडलं. ते ४९ वर आलं. उरलेल्या एका टक्क्याला गेममध्ये दोनचा डेडझोन दिला.

त्या खटक्याचा आवाज भाच्याला इतका आवडला की गेम बंद असतानाही तो दांडा पुढे-मागे करत बसतो.

१९ मे

बैठक. काठी टेबलावर ठेवली की तिच्या स्प्रिंगच्या जोरानं खोकंच उचललं जातं. तळाचे चोखून धरणारे रबरी पाय सनमायकावर तासभर टिकतात, धूळ बसली की सुटतात. मांड्यांत धरूनही पाहिली, पाठ धरली.

सुताराकडून सागवानाच्या दोन फळ्या आणल्या, उरलेल्या होत्या, त्यानं पैसे घेतले नाहीत. लाकडी हाताच्या खुर्चीला डावीकडे-उजवीकडे चार क्लॅम्पनं आवळल्या, २४० रुपये. उंची अशी ठेवली की कोपर काटकोनात राहतो आणि मनगट वर उचलावं लागत नाही. टेबलावर असताना मी काठी खांद्यानं हलवत होतो. आता मनगटानं हलते. इतके दिवस सेन्सरवर घालवले, पण ही फळी पहिल्या आठवड्यात लावली असती तर निम्मा फरक तेव्हाच दिसला असता. दुसरा कोणी सुरुवात करत असेल तर त्यानं आधी हे करावं.

२० मे

रात्री बाबा येऊन बसले. मी फटीसमोर, घामानं हात ओला, काठी मुठीत. बराच वेळ पाहत राहिले, मग म्हणाले, "एवढं गच्च काऊन धरतं? डवऱ्याचं रुमणं असं धरत नाई. हात ठेवाचा फक्त."

डवरणी, म्हणजे पिकाच्या ओळींतलं तण काढणं, करताना रुमण्यावर, म्हणजे डवऱ्याच्या मुठीवर, जोर दिला की पास, म्हणजे खालचं लोखंडी पातं, बाजूला पळते आणि उभं पीक कापलं जातं. मी हे शेतात जन्मभर पाळतो. मूठ सोडून अंगठा आणि दोन बोटांनी काठी धरली. यान डुलायचं थांबलं. इतके दिवस जी बारीक थरथर मी यंत्रात शोधत होतो, तिच्यातली काही माझ्या मुठीतून येत होती.

२६ मे

पिळायचा आस बंद केला. काठी गोल पिळली की यानाचं नाक डावी-उजवीकडे वळतं, पण काठी पुढे ढकलताना मनगट नकळत थोडं पिळतंच आणि यान तिरकं जातं. शिवाय तो पॉट इतका अडचणीत बसलेला आहे की तिथं सेन्सर मावत नाही. आतून लाकडी पाचर मारून पीळ अडवला आणि नाक वळवायचं काम थ्रॉटलच्या मागच्या झुलत्या पट्टीवर दिलं. या गेममध्ये यान नाकानं वळायला तसंही मंद आहे, बहुतेक वळणं कलून आणि ओढूनच घ्यावी लागतात. त्यामुळे काही गमावलं नाही.

बटणांची मांडणी जमली की तिची फाइल लगेच दुसरीकडे उतरवून ठेवा. मी एकदा यूएसबी न लावताच गेम सुरू केला आणि सगळी मांडणी मूळ पदावर आली. तासभर परत बसवत बसलो. बाइंडिंग्ज नावाच्या फोल्डरमध्ये ती असते, आता पेन ड्राइव्हवर तिची नक्कल आहे.

२ जून

आतापर्यंतचा खर्च. जोडी ३,२००, क्लीनर ३२०, सेन्सर २१०, चुंबकं १२०, अराल्डाइट ९०, सिलिकॉन ग्रीस १५०, क्लॅम्प २४०. एकूण ४,३३०. नागपूरच्या दोन खेपांचे ६०० धरले तर ४,९३०. काम साधारण साठ तास, त्यातले पंचवीस माझ्याच चुका निस्तरण्यात.

चार दिवस नेट नव्हतं, एलिट डेंजरस नेटशिवाय उघडत नाही. तेवढे दिवस ऊलाइट नावाचा दुसरा गेम उडवला. फुकट आहे, छोटा आहे, नेट लागत नाही, आणि १९८४च्या मूळ एलिटवरून बनवलेला आहे. त्यातही फिरत्या स्टेशनाच्या फटीतून आत जावं लागतं, यान स्टेशनच्या फिरण्याइतकंच गोल कलवत. काठी तपासायला याहून चांगली परीक्षा मला सापडली नाही. कलण्याचा वेग मध्यापासून केसभर वर ठेवून तसाच धरून राहायचा असतो. मार्चमधल्या काठीवर हे जमलंच नसतं.

९ जून

मृग लागला. काल संध्याकाळी ढग येऊन गेले, पाऊस नाही. कापूस गेल्या आठवड्यात विकला, खोली झाडून घेतली, काठीवर आता जुन्या उशीच्या खोळीचं झाकण असतं. पेरणीपर्यंत दुकानात पंपांची रांग आहे, म्हणून पुढच्या नोंदी लवकर होणार नाहीत. थ्रॉटलच्या मुळाशी ज्या रेषा होत्या त्यातली एक थोडी वाढलेली दिसते, तिच्याकडे पावसाळ्यात पाहीन.

आज आकडा : सकाळी ५१२, दुपारी ५१२. भाचा आत्ता ऊलाइटमध्ये फटीसमोर आहे, काठीवर अंगठा आणि दोन बोटं, ओठ घट्ट मिटलेले. स्टेशन त्याच्यासोबत गोल फिरतं आहे, फट पडद्यावर अगदी आडवी, स्थिर. मी मधे बोलत नाही.